चांगलं म्हणायचं नाही

"ठेवून पाहा बाई. काई कामाची नाई थे, पन ठेवून पाहा."

धाकटी जाऊ माझ्या दारात उभी राहून आपल्या मुलीबद्दल हे म्हणाली. मुलगी तिच्या शेजारीच होती, पाठीवर दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. गावातली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीपासून ती आमच्याकडे मंगरूळपीरला राहील असं उन्हाळ्यातच ठरलं होतं. मी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आले होते आणि हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीला किती लागलं असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिला काहीच लागलेलं नव्हतं. ऊन फार आहे म्हटल्यावर माणूस हो म्हणतं तशी तिनं मान हलवली, आणि वाकून चपला दाराबाहेर नीट लावल्या, स्वतःच्याही आणि आईच्याही.

मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवते. आवाज मोठा, राग नाकावर, हे माझ्याबद्दल शाळेत कोणीही सांगेल. आमचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात मी आणि नवरा दोघंच, आणि दोघांनी आपसांत भांडून भांडून किती भांडायचं? पुतणी येणार म्हणून मी खूश होते. मुलाची खोली पुसून घेतली, टेबलावरचा दिवा बदलला, नवी चादर काढली. संध्याकाळी पाहते तर ती आपली पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलेली. "मले अठी बी चालते, मोठी आई," म्हणाली. तिला हाताला धरून खोलीत नेलं तेव्हा ती चादरीच्या अगदी कडेवर बसली.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. कान तुटलेला एक कप मी फेकायला म्हणून खिडकीत काढून ठेवला होता, ती चहा त्याच कपात घ्यायची. वैतागून मी तो कप कचऱ्याच्या गाडीत टाकला, तर ती स्टीलच्या वाटीत चहा प्यायला लागली, पण चांगल्या कपाला तिनं हात लावला नाही. शाळा सुटल्यावर ऑटोत बसायला पोरींची झुंबड उडते. ही सगळ्यांना आधी चढू द्यायची आणि जागा उरली नाही की चालत यायची. एकदा चिंब भिजून आली तेव्हा मी ओरडलेच.

"थ्या पोरी बसल्या ना मंग," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

नवऱ्याच्या हातून काचेचा ग्लास फुटला. तो स्वतःवरच हसत होता, आणि ही आतून झाडू घेऊन आली ती म्हणतच आली, "चुकलं, मीच काठावर ठेवला असंन." ग्लासला तिनं दिवसभर हातही लावलेला नव्हता. नवऱ्याचं हसू तिथंच थांबलं. तो म्हणाला, हिला काय झालंय?

तिच्या वर्गावर माझा तास होता. प्रश्न विचारला की मी मुद्दाम शेवटच्या बाकाकडे पाहायची. तिचे ओठ हलायचे, आणि उत्तर बरोबर असायचं, ओठांवरून मला कळायचं. हात मात्र वर जायचा नाही. उभं केलं तर म्हणायची, "नाही येत, मॅडम." लाजाळू पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. लाजाळू पोराला आतून वाटत असतं की कोणीतरी आपल्याला ओढून पुढे न्यावं. हिला तसं काही वाटत नव्हतं. आपली जागा मागचीच आहे याबद्दल तिचं कोणाशी भांडण नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरीचं जगात कोणाशी भांडणच नसावं, हे माझ्यासारख्या भांडखोर बाईला सहन होईना.

आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात सांगतात की मुलांचा आत्मविश्वास वाढवायचा तर त्यांचं कौतुक करा, चारचौघांत करा. सांगतात आणि मग चहा-बिस्किटं देतात. मी ते मनावर घेतलं. तिनं पोळी लाटली की मी म्हणायची, वा, काय गोल! दुसऱ्या दिवशीच्या पोळ्या वाकड्यातिकड्या आणि कडेला जळलेल्या. तिनं अंगणात ठिपक्यांची सुंदर रांगोळी काढली, मी शेजारणीला हाक मारून दाखवली, तर आत जाताना हिनं पायानं तिचा एक कोपरा पुसला. मी पाहिलं. तो चुकून पुसला गेला नव्हता.

आणि मग तिचं वाचन. एक दिवस मी शाळेतून लवकर घरी आले, तर आतल्या खोलीतून आवाज येत होता. मला वाटलं रेडिओ लागलाय. दाराशी जाऊन उभी राहिले. ती माझं जुनं पाठ्यपुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून वाचत होती. पंचवीस वर्षं मी पोरांकडून धडे वाचून घेतेय. पोरं शब्द वाचतात. ही माणसाशी बोलावं तशी वाचत होती. कुठं थांबायचं ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि ती बरोबर तिथंच थांबत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत शिरून तिला जवळच घेतलं, नवरा आल्यावर त्याच्यासमोर पुन्हा वाचायला लावलं, आणि जेवताना तोच विषय काढून बसले. पोरीनं जेवणसुद्धा नीट केलं नाही. त्यानंतर ती मनातल्या मनात वाचायला लागली. खोलीच्या दाराशी मी किती वेळा कान लावला, आवाज आला नाही.

माझा सगळा राग मग जावेवर निघायचा. हिनंच पोरीला असं केलंय, हे काही गुपित नव्हतं. गावाकडे गेलं की मी पाहत होतेच. कोणी पोरीला बरं म्हणायचा अवकाश, जाऊ लगेच आडवी यायची. शेजारीण म्हणाली पोर उंच झाली, तर ही म्हणायची, उंच होऊन काय करते, अक्कल कुठी हाय. पोर वर्गात पहिली आली तर म्हणायची, बाकीचे पोट्टे ढ असतीन. तोंडावर, सगळ्यांसमोर. बरं, ही बाई मुळात कडू तोंडाची असती तर गोष्ट वेगळी. पण ती तशी नाही. शेतात बरोबरच्या बायकांना हसवणारी, आजारी माणसाच्या उशाशी बसणारी बाई आहे ती.

तिला या पोरीच्या आधी दोन मुलगे झाले होते. दोन्ही गेले. एक अंगावर पिता असताना, एक पाच वर्षांचा होऊन. त्यांचा विषय निघाला की हिच्या जिभेवर साखर यायची. मोठा कसा राजावानी होता, गोरापान, कोनाकडे बी जाये. दुसरा कसा पोपटावानी बोले, कसा गुनाचा, एकदा सांगतलं की पाठ, अन् मंग एकाएकी कसा तापला. हे सगळं ती तांदूळ निवडता निवडता सांगायची आणि मुलगी समोर बसून तेच तांदूळ निवडत असायची. मी मनात म्हणायची, अगं, समोर बसलंय त्या लेकराचंही एखादं बोल ना.

आमचं गाव शेलूबाजारहून आत. रविवारी आम्ही तिथपर्यंत बसनं आणि पुढे जीपनं जात असू. त्या वर्षी वर्षावासात जरा जास्तच चकरा झाल्या. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्माच्या ग्रंथाचं वाचन असतं, आणि कित्येक वर्षं ते वाचन माझे सासरे करत आले. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. मामाजींचा करारीपणा गावात प्रसिद्ध. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि यांनी बावीस प्रतिज्ञा शब्दशः पाळल्या. घरात नवस नाही, गंडादोरा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही, लेकराच्या गालाला काळी तीट नाही. कोणी बाहेरून दोरा बांधून आणला तर ते स्वतःच्या हातानं कापून चुलीत टाकायचे. या घरात लग्न करून आल्याचा मला जो अभिमान आहे तो मुख्यतः यासाठीच, आणि तो आजही आहे.

तर त्या वर्षी मामाजींचे डोळे दगा देऊ लागले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला डॉक्टरांनी थांबा म्हटलेलं. वाचन दुसरी माणसं करत होती आणि मामाजी शेवटच्या रांगेत बसून त्यांच्या चुका मोजत होते. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी नातीला ओसरीवर बोलावलं, ग्रंथ तिच्या मांडीवर ठेवला आणि एक पान वाचायला सांगितलं. आजोबांना नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती. तिनं हळू आवाजात सुरुवात केली आणि दोन-चार ओळींनंतर तिला आपण कुठं बसलोय ते आठवेनासं झालं. मामाजींनी डोळे मिटून घेतले. मी दारात उभी होते आणि या खेपेला मी तोंड उघडलं नाही.

पान संपल्यावर मामाजी म्हणाले, "पौर्णिमेचं वाचन हेच पोरगी करन."

पौर्णिमा म्हणजे समारोप. त्या दिवशी सगळं गाव विहारात असतं, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात.

आतून जावेचा आवाज आला. "कायले, मामाजी? अडखळते थे. लोकायमदी फजिती होईन. तिले कोठी येते वाचता!"

ती अडखळत नव्हती. एका जागीसुद्धा नाही. मी पोरीकडे पाहत होते. तिनं ग्रंथ मिटला, कपाळाला लावला, आजोबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मले नाई जमत, आबाजी."

मी दारातून निघाले ती थेट घरामागे गेले. जाऊ तोवर तिथं जाऊन ताडपत्रीवर वाळत घातलेलं सोयाबीन पायानं पसरवत होती. कापणीचे दिवस होते, तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी तिला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. तू आई आहेस का कोण आहेस, हे नक्की बोलले. पोटच्या पोरीला खोटं पाडतेस, तिचं पुढं व्हावं असं तुला वाटत नाही, हेही बोलले. ती ऐकत होती आणि पाय हलवत होती. मग एकदम थांबली.

"बाई, तुमी मोठ्या हा, शिकेल हा," ती म्हणाली. "माया दुसऱ्यानं त्याच विहारात माइकवर पंचशील म्हतलं होतं. पाच वर्साचं लेकरू. सबन गाव साधू साधू म्हने. मी बी म्हतलं. माया तोंडानं म्हतलं, माया वाघ हाय थो म्हनून. अन् मंग तापला. अकोल्याले नेला तं वापस कसा आनला, तुमी पाह्यलं." तिनं श्वास घेतला. "मोठ्याच्या टायमाले बी तसंच. नामकरनाले सगळ्या बायका म्हने, काय गुटगुटीत हाय वं. म्या बी हासून हो म्हतलं."

तिनं बोटाची सुटलेली चिंधी दातानं ओढून घट्ट केली.

"या घरात मले दोरा बांदू देला नाई," ती म्हणाली. "तीट लावू देली नाई. मामाजीचं बरोबरच असंन, मी नाई म्हनत नाई. पन हे पोरगी झाली तवा मायाजवळ काय होतं? तोंड होतं. कोनी चांगलं म्हतलं की मी वाईट म्हतलं. तेरा वर्सं झाले, जित्ती हाय ना?"

मी शिकलेली बाई, विज्ञान सांगणारी, नजर लागते म्हणणाऱ्या पालकांना वर्गाबाहेर उभं करून झापणारी. मी खाली बसले आणि ताडपत्रीबाहेर सांडलेले दाणे वेचू लागले. त्या पाच वर्षांच्या लेकराला मीही खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. त्याला अकोल्याहून परत आणलं तेव्हा मी गाडीत होते.

मग मी एवढंच म्हटलं, "पन पोरीले थे खरं वाटते ना वं. तिले वाटते आपन खरंच काई कामाचे नाई."

जाऊ चकित होऊन माझ्याकडे पाहायला लागली. खरोखर चकित. "कसं खरं वाटन? तिले मालूम हाय ना. माई माय बी मले असंच म्हने, सटवी म्हने, घुबड म्हने. मले कदी वाईट वाटलं नाई. मले मालूम होतं काहून म्हन्ते थे."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या माहेरी हे सगळं होतं. गालावर तीट होती, कमरेला करदोडा होता, मीठ-मोहऱ्या ओवाळणारी आजी होती, आणि त्या सगळ्याच्या जोडीला हे शिव्या देणं होतं. तिथल्या पोराला आपोआप कळत होतं की शिव्या कशाकरता आहेत. आमच्या घरात बाकीचं सगळं मामाजींनी दाराबाहेर काढलं. नजर हा शब्दसुद्धा घरात कोणी उच्चारायचा नाही. उरल्या त्या फक्त शिव्या, आणि त्या कशासाठी आहेत हे पोरीला सांगणारं घरात काहीच उरलं नव्हतं.

"विचार तिले," मी म्हटलं.

जाऊ तशीच आत गेली, मी तिच्या मागोमाग. पोरगी चुलीपाशी बसून आम्ही मंगरूळपीरला न्यायची तुरीची डाळ निवडत होती. जावेनं दारातूनच विचारलं, हसत विचारलं, कारण उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं.

"काय वं, मी तुले सारखी बोलतो, तुले मालूम हाय ना मी काहून बोलतो?"

पोरीनं वर पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मी तशीच हाव म्हनून."

तिनं हे रुसून म्हटलं नाही, रडून म्हटलं नाही. आईनं विचारलं आणि तिला येत असलेलं उत्तर तिनं दिलं. माझ्या वर्गात जे एकदाही दिलं नाही ते उत्तर. मग ती पुन्हा डाळ निवडू लागली. जाऊ दारात उभी होती, तिचा एक हात चौकटीवर होता. ती वळून घरामागे गेली आणि आमची जीप निघेपर्यंत पुढं आली नाही.

निघताना मी मामाजींना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील, सुनेला बोलावून प्रतिज्ञा म्हणायला लावतील. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या चष्म्यातून आता त्यांना फारसं दिसत नव्हतं.

"दोरे मी माया हातानं तोडले," ते म्हणाले. "थे बरोबरच केलं. पन दोन लेकरं गेल्यावर तिच्याजवळ बसून एक डाव विचारलं नाई, की पोरी, तुले भेव लागते काय." मग त्यांनी मला पाणी मागितलं.

मंगरूळपीरला आल्यावर पोरगी नेहमीसारखीच वागत होती. वाटीत चहा, ऑटोऐवजी पायी. मी कौतुक बंद केलं होतं. नवऱ्यालाही सांगून ठेवलं. त्याऐवजी मी तिला कामं सांगू लागले. भाजी आणायची, तर कोणती आणायची ते तूच ठरव. माझे डोळे दुखताहेत, एवढा पेपर वाचून दाखव. दुखत नव्हते, पण तिला कोणाच्या तरी उपयोगी पडायला काही वाटत नसे आणि ती वाचायची. बरं वाचलंस असं मी म्हणायची नाही. पुढचं वाच म्हणायची. एवढंच तिला चालत होतं. जाऊ एरवी एक दिवसाआड फोन करायची, त्या आठवड्यात तिचा फोन आलाच नाही.

पौर्णिमेला आम्ही दुपारीच गावी पोचलो. विहाराला पताका लागल्या होत्या, मागे मोठ्या गंज-पातेल्यात खीर शिजत होती. संध्याकाळी सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून निघाल्या. मामाजी आधीच जाऊन बसले होते. ग्रंथ आसनावर ठेवलेला होता आणि तो कोण वाचणार हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोरगीही काही बोलत नव्हती. पांढरा ड्रेस मात्र तिनं घातला होता.

निघायच्या आधी जाऊ तिची वेणी घालायला बसली. मी तिथंच साडीच्या निऱ्या नीट करत होते. जाऊ कंगवा फिरवत होती, गुंता नव्हता तरी फिरवत होती. तिचे ओठ हलताना मला दिसले. शेवटच्या बाकावर तिच्या मुलीचे हलतात तसेच, आवाज न करता. मग तिनं डोळे गच्च मिटले आणि कडू औषध गिळावं तसं एका दमात म्हणाली,

"आज तूच वाचजो. चांगली वाचतं तू. लय चांगली वाचतं. गुनाची हायस माई पोर."

पोरीची मान ताठ झाली. ती हळूच मागं वळली, अर्धी वेणी तशीच आईच्या हातात. तिचा चेहरा इतका उतरला होता की मी निऱ्या सोडून दिल्या.

"माय," ती म्हणाली, "मले काई झालं काय?"

"कायचं?"

"मी मरनार हाव काय? तू असं तं फक्त माया भावायलेच म्हन्तं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मरणं पाहिली, मुलांचीही पाहिली. पण त्या वेळी जे आत तुटलं तसं कधी तुटलं नव्हतं. या पोरीनं लहानपणापासून हिशेब बांधला होता, आणि घरात जे कानावर पडत होतं त्याप्रमाणे तो चुकीचाही नव्हता. या घरात चांगलं म्हणतात ते गेलेल्यांना. जिवंत असेपर्यंत माणूस काही कामाचं नसतं.

जावेच्या हातातून कंगवा पडला. तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"नाई वं माय," ती म्हणाली. "जित्ती हायस तू. जित्तीलेच म्हनून राह्यली मी. चांगली हायस. आयकलं काय? चांगली हायस." प्रत्येक वेळी म्हणताना ती स्वतः दचकत होती. चार दिशांना पाहत होती, कोणी ऐकलं का म्हणून. तरी म्हणत होती.

पोरगी रडली नाही. अर्धी राहिलेली वेणी तिनं स्वतःच पुरी केली, रबर लावलं, आणि आम्ही तिघी विहाराकडे निघालो.

त्रिशरण-पंचशील झालं. मामाजींनी अंदाजानं तिच्या दिशेला हात केला. ती उठली, पुढं गेली आणि आसनासमोर बसली. तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज आधी माइकपर्यंत पोचतच नव्हता, मग पोचला. पोरं शांत झाली, मागं खीर ढवळणारी माणसंही दारात येऊन उभी राहिली. मला मात्र नीट ऐकू येत नव्हतं, कारण मी तिचा हात पाहत होते. एका हातानं ती पान धरून होती. दुसऱ्या हाताची पालथी बाजू ती दर थोड्या वेळानं गळ्याला लावून पाहत होती, मग कपाळाला, मग पुन्हा गळ्याला. लोकांना वाटलं असेल पोर घामेजलीय. बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेली जाऊ पदर तोंडात धरून त्याच हाताकडे पाहत होती.

वाचन संपलं. सगळा विहार एका आवाजात म्हणाला, साधू, साधू, साधू. जावेनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ती साधू म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.

लोक मामाजींभोवती, ग्रंथाभोवती गोळा झाले. कोणी पोरीच्या पाठीवर थाप मारत होतं, कोणी कोणाची पोर म्हणून विचारत होतं. ती त्यांच्यातून वाट काढत बायकांच्या रांगेपर्यंत आली आणि आईसमोर मांडी घालून बसली. आईचा हात माझ्या मनगटावरून तिनं सोडवला आणि आपल्या कपाळावर ठेवला.

"पाह्य," ती म्हणाली. "नाई तापली मी."

जावेनं हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग गळ्याला लावला. मागून खीर वाढायला सुरुवात झाली होती, द्रोण फिरत होते, आमच्या रांगेपर्यंत आले आणि पुढं गेले. तिनं हात काढला नाही. पोरीनंही डोकं मागं घेतलं नाही.